पुन्हा लिहिलेले आरंभसंगीत



ज्युबिलीसाठी नया नगरातील आपल्या बँडच्या मुलांनी रचिलेले आरंभसंगीत पावसात भिजले; पानांवरील सूर पुसले गेले. आम्हीही खिन्न झालो.

तेव्हा आम्हांस जर्मन संगीतकार मेंडेल्सझोन आठवला. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने अकरा फुंकवाद्यांसाठी एक रचना केली. ती हरवली. १८२६ साली त्याने ती पुन्हा लिहिली आणि १८३८ साली मोठ्या बँडसाठी, ताशा-नगाऱ्यांसारख्या तालवाद्यांसह, वाढविली. तिचा आरंभ संथ आहे. उल्हास मागाहून येतो. आशेची चालही अशीच होय.

मुलांनो, फुंकवाद्य श्वासावर चालते, आणि श्वास देवाचे दान आहे. पाने गेली, श्वास उरला आहे. पुन्हा लिहा.