सेम टू सेम

येवल्याच्या दुकानात पैठणी बघताना हमखास कानावर येतं, "हिच्यासारखीच, अगदी सेम टू सेम दाखवा ना!" यातला 'सारखी' शब्द संस्कृत 'सदृक्ष'वरून प्राकृतातून आपल्याकडे आला. वर त्यानं दुसरं कामही पत्करलं: पोरगं बापासारखं दिसतं आणि सारखं मोबाइलही बघतं!

'सेम' मात्र पाहुणा. इंग्रजीत तो आला नॉर्स दर्यावर्दींच्या भाषेतून. पण पाहुणा म्हणावा तर नातं अगदी घरातलं निघतं, कारण 'सेम' आणि आपला 'सम' एकाच मुळाचे. समान, समता ही त्याच 'सम'ची मंडळी.

आणि हा 'सम' नाशिकच्या दगडातही कोरलेला आहे. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगितली आहे. त्याचं बळ हिमालय, मेरू, मंदार पर्वतांशी 'सम'! आईच ती, कौतुकात हात कशाला आखडेल?

लेण्यांवर गेलात तर ओसरीच्या मागच्या भिंतीवरचा हा ब्राह्मी लेख जरूर बघा.