पाळण्यांची सहल आणि वैशाखातले ऊन
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. भिशीचा हिशेब वाचून दाखवणे एवढेच माझे आजवरचे वक्तृत्व. पण यंदा मे महिन्यात मुलानातवंडांना घेऊन एका मोठ्या करमणुकीच्या उद्यानात जायचे असे आपल्या मंडळाने ठरवले, तेव्हा कार्यवाहबाई मला म्हणाल्या, "तुमच्या विहीणबाईंचे काय झाले होते, ते जायच्या आधी तुम्हीच एकदा सगळ्यांना सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

आपल्या लहानपणी मे महिन्याची सुट्टी म्हणजे आजोळ. दुपारी बाराला दार लोटले जायचे ते चारला उघडायचे. आजी उंबऱ्याशी पदर अंथरून आडवी व्हायची आणि तिला ओलांडून उन्हात जाण्याची कुणाची छाती नव्हती. पाळणे आपल्यालाही होते, पण ते जत्रेतले, म्हणजे दिवेलागणीनंतरचे. आता पाहा, उद्यान उघडते सकाळी उशिरा आणि मिटते संध्याकाळी. आजीने ज्या वेळेत आपल्याला कोंडून ठेवले, नेमकी तीच वेळ आपण पैसे मोजून उन्हात काढतो! आणि पैसे मोजले म्हणून ते वसूल करायला एका पाळण्यावरून दुसऱ्याकडे धावतो. मुळातली चूक इथे आहे.

आपल्याकडे हे वेड तसे जुने नाही. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले. १९९८ साली त्याच्या शेजारी पाण्याचे उद्यान झाले आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका. ऊन मात्र असल्या उद्यानांच्या पाचवीलाच पुजलेले. अमेरिकेत वॉल्ट डिस्नेसाहेबांनी १७ जुलै १९५५ रोजी आपले पहिले डिस्नेलँड उघडले. त्या दिवशी तिथे पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या आसपास होता, म्हणजे आपले अडतीस अंश. नळजोडणी करणाऱ्या कामगारांचा संप नुकताच होऊन गेलेला. पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करावेत की शौचालये, अशी निवड करायची वेळ आली आणि डिस्नेसाहेबांनी शौचालये निवडली. लोक तहानेने चिडले. ताज्या डांबराच्या रस्त्यात बायकांच्या टाचांचे बूट रुतून बसले. पाणी की शौचालय, हा प्रश्न लक्षात ठेवा. माझी गोष्ट त्याच प्रश्नाची आहे.

आम्ही गेलो होतो २०२४ च्या मे महिन्यात. कुठल्या उद्यानात ते सांगत नाही, कारण चूक उद्यानाची नव्हती, माझी होती. मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू, सहा वर्षांची नात, हे आणि मी, आणि अकोल्याहून सुट्टीला आलेल्या माझ्या विहीणबाई. निघण्यापूर्वी मी म्हटले, "ऊन फार आहे हो, तुम्हाला झेपेल ना?" त्या हसल्या. "काय बाप्पा विहीणबाई, तुमचे छत्तीस अंश म्हणजे आमच्या अकोल्याची सकाळ! आम्ही पंचेचाळिसात पापड वाळवतो." मलाही ते पटले.

उद्यानात गेल्यावर पाण्याच्या हौदांकडे मुलांनी धाव घेतली. तिथे नायलॉनचे पोहण्याचे कपडे घातल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. विहीणबाई नऊवारी सोडून पाचवारीवर आल्या तीच मोठी गोष्ट, त्या काय नायलॉनचा पोशाख घालणार! म्हणून मग त्या सामानाजवळ बसल्या. भगिनींनो, प्रत्येक सहलीत अशी एक बाई असते. सगळ्यांच्या चपला, मोबाइल, टॉवेल, डबे तिच्या पायाशी. सगळे भिजतात आणि ती मात्र कोरडी, उन्हात. हौदाच्या काठाला सावली होती, पण ती सरकत गेली. सामान सोडून जायचे कसे, म्हणून बाई जागेवरून हलल्या नाहीत.

आता माझी चूक. अकराच्या सुमारास त्या मला म्हणाल्या, "पाणी द्या बरं थोडं." मी बाटली दिली आणि वर शहाणपण शिकवले, "बेताने प्या हं. शौचालयाची रांग फार मोठी आहे, आणि लांबही आहे." त्यांनी दोन घोट घेऊन बाटली परत केली. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा मला वाटलेसुद्धा नाही. आपण सगळ्याच हे करतो. लग्नाच्या वऱ्हाडात, यष्टीच्या प्रवासात, यात्रेत. घरून निघतानाच पाणी कमी पितो. आईने आपल्याला तेच शिकवले आणि आपण लेकींना तेच शिकवले.

तीनच्या सुमारास त्यांनी पोटरीत गोळे आल्याचे सांगितले. मग डोके दुखते म्हणाल्या. मी म्हटले, उन्हाने असेल, घरी जाऊन चहा घेऊ. थोड्या वेळाने त्या गप्प झाल्या. बोलक्या बाई गप्प झाल्या हे मला खटकायला हवे होते, पण आईस्क्रीमसाठी नातीचा हट्ट चालला होता. मग एकाएकी त्यांनी मला विचारले, "मूर्तिजापूर गेलं का? सामान काढायला घ्या." त्या आगगाडीत होत्या! सूनबाईने कपाळाला हात लावला आणि किंचाळलीच.

पुढे काय केले ते नीट सांगते, कारण ते कुणावरही करायची वेळ येऊ शकते. तिथल्या प्रथमोपचाराच्या नर्सबाई धावत आल्या. त्यांनी विहीणबाईंना सावलीत आडवे केले, पाय किंचित उंचावर ठेवले, कपडे सैल केले आणि अंगावर सरळ पाण्याच्या बादल्या ओतल्या. पातळासकट. मग आम्हाला पुठ्ठ्यांनी वारा घालायला लावला. बर्फाच्या पिशव्या मानेला, काखेत आणि जांघेत ठेवल्या, कारण तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात. मी पाणी पाजायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. माणूस बरळत असेल, अर्धवट शुद्धीत असेल, तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता अंग गार करायला तिथल्या तिथे सुरुवात करायची. बरळणे हीच धोक्याची खूण. घेरी, मळमळ, पोटरीत गोळे इथपर्यंत सावली आणि पाणी पुरते. बोलणे बिघडले की तो उष्माघात समजून १०८ ला फोन करावा.

रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजींनी शेवटची लघवी केव्हा केली होती?" आम्ही एकमेकींकडे पाहिले. सकाळी सात वाजता, घरी. तेव्हा साडेचार वाजले होते. दुसरा प्रश्न, "गोळ्या कोणत्या घेतात?" रक्तदाबाची गोळी होती, आणि तिच्यात लघवी वाढवून अंगातले पाणी काढणारे औषध होते, हे सूनबाईलाही ठाऊक नव्हते. म्हणजे एकीकडून पाणी जात होते आणि दुसरीकडून मी ते अडवत होते. दोन दिवस सलाइन लागले. देवदयेने बाई सुखरूप घरी आल्या. त्या दोन रात्री मी रुग्णालयाच्या बाकावर काढल्या, आणि "बेताने प्या" हे माझे शब्द माझ्या कानांतून जाईनात.

पंचेचाळीस अंशांत पापड वाळवणाऱ्या बाई इथे छत्तीस अंशांत कशा आडव्या झाल्या, हे कोडे मला डॉक्टरांनी सोडवून दिले. ते आपल्या माठातलेच आहे. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्यावर उडते आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जाते. आपल्या अंगाचा घाम तेच काम करतो. अकोल्याची हवा कोरडी, तिथे घाम येतो न येतो तोच उडतो. म्हणून तिकडे वाळ्याचा कूलर खोली गार करतो, आणि इकडे लावला तर भिंतींना ओल येते. आपल्या किनाऱ्याकडच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो. जो घाम ओघळला तो वाया गेला. पाणी गेले, मीठ गेले आणि अंग गार झालेच नाही. हवामान खातेसुद्धा हा फरक मानते. मैदानी मुलखात उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान चाळिसावर जावा लागतो, किनारपट्टीवर सदतीस पुरतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चाललेल्या समारंभानंतर चौदा माणसे दगावली. पारा अडतीसच्या आसपासच होता. तेव्हा आकड्यावर विसंबू नका.

आता पिण्याविषयी. तहान लागायची वाट पाहू नये, म्हाताऱ्यांना तर ती लागतच नाही. मुले पाण्यात डुंबत असली तरी त्यांनाही अर्ध्या तासाने बाहेर काढून पाणी पाजावे. अंग ओले असले की तहान कळत नाही. नुसते पाणीही पुरत नाही, घामातून मीठ गेलेले असते. ताक, कोकम सरबत, पन्हे, सगळे चांगले, पण त्यांत मीठ हवे. बाहेरचे काही आत नेऊ देत नसतील तर ओआरएसच्या पुड्या पर्समध्ये टाकाव्यात. घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजपंचे करू नका. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. डब्यांतली गोड पेये ‘ओआरएस’ नावाने विकायला २०२५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, ते बरे झाले. मीच कितीदा फसले होते.

ह्या मीठसाखरेच्या पाण्यामागे एक मोठे नाव आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत, बंगालमधल्या बनगावला, पटकीची साथ आली. सलाइन संपले. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितले, तुम्हीच पाजा. शंभरात वीस-तीस माणसे जिथे मरत होती, तिथे मरणारे तीन-चारांवर आले. २०२३ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, पण ते आधीच्या ऑक्टोबरात वारले होते. पाजणाऱ्या हातांत केवढ्या आया आणि बहिणी असतील, मनात येते.

आपल्या सहलीसाठी माझ्या सूचना थोड्याच आहेत. दार उघडताच आत जायचे आणि उघड्यावरचे पाळणे तेव्हाच उरकायचे. उन्हात तापलेल्या लोखंडी बाकावर मुलांना उघड्या मांड्यांनी बसवू नका, चटका बसतो. बारा ते चार आतले, वातानुकूलित खेळ, सिनेमे आणि जेवण. चारनंतर पुन्हा पाळणे. दोन पाळणे हुकले तर हुकले. सुती, सैल, फिके कपडे. ओला पंचा मानेवर हवाच, बाजारातल्या फवारणीच्या पंख्यांपेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे. मूल झोपले म्हणून बंद मोटारीत ठेवायचे नाही, पाच मिनिटेसुद्धा नाही. उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत दहा-एक अंश चढतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, पण मनानेच गोळी बंद करू नये.

आणि सामानाजवळ पाळीपाळीने बसायचे, अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी. पुरुषांनीसुद्धा. बसणारीने सावलीबरोबर सरकायचे, सामानासकट. शौचालयाकडे दर दोन तासांनी आपण सगळ्या मिळून जाऊ, म्हणजे कुणाला संकोच नको. रांगेत गप्पा मारू. त्यात सहलीचा वेळ गेला असे कुणी म्हणू लागले तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

विहीणबाई ह्या मे महिन्यात पुन्हा येणार आहेत. मी फोनवर म्हटले, तुम्ही घरीच थांबा हो यंदा. त्या म्हणाल्या, "मी काय म्हणून थांबू? तुमचं नायलॉनचं काय ते घेऊन ठेवा माझ्यासाठी. पूर्ण बाह्यांचं घ्या." सूनबाई कालच जाऊन घेऊन आली, निळ्या रंगाचे.

बराच वेळ घेतला. मागच्या टेबलावर पन्हे ठेवले आहे. कैऱ्या आपल्या खजिनदारबाईंच्या गावच्या, गूळ आणि मीठ माझे. सगळ्यांनी पोटभर प्या. आणि सभागृहाचे शौचालय जिन्याखाली डाव्या हाताला आहे. नळाला पाणी आहे आणि कडीही लागते, मी मघाशीच पाहून आले.