गणिती डेव्हिड ब्लॅकवेल आणि निर्णयाचा हिशोब



आज आम्ही एका गणितीविषयी दोन शब्द बोलणार आहोत. त्यांचे नाव डेव्हिड ब्लॅकवेल. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या सेंट्रेलिया गावी १९१९ साली एका रेल्वे कामगाराच्या पोटी त्यांचा जन्म झाला. ते काळे होते. १६ व्या वर्षी विद्यापीठात गेले ते प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचे म्हणून. पण १९४१ साली, २२ व्या वर्षी, गणितात डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले.

पुढे काय झाले? १९४२ साली बर्कले विद्यापीठात नोकरीची बोलणी झाली, ती रंगापायी मोडली. गोऱ्यांची दारे उघडणार नाहीत हे ओळखून त्यांनी काळ्यांच्या शंभरावर कॉलेजांना पत्रे धाडली. १९४४ पासून दहा वर्षे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवले. शिकवता शिकवता वीसच्या वर शोधनिबंध लिहिले.

त्यांचे काम कसले? साळखात्यातले उदाहरण घ्या. साचा कुरकुरतोय. आज थांबवून दुरुस्त करावा, तर आजचे कापड बुडते. तसाच रेटावा, तर उद्या मोडतो. आजच्या निर्णयावर उद्याची स्थिती ठरते. असल्या कोड्यांचे गणित ब्लॅकवेल मांडत. रीत अशी : हाताशी असेल त्या नियमाने सुरुवात करा. साचा चांगला, झिजलेला की मोडका, प्रत्येक स्थितीत तो नियम पाळत राहिलो तर पदरात काय पडते ते मोजा. जिथे दुसरा निर्णय सरस, तिथे नियम बदला. पुन्हा मोजा. स्थिती आणि पर्याय मोजके असले, की काही फेऱ्यांत सर्वांत चांगला नियम हाती येतो. ही रीत रोनाल्ड हॉवर्ड या संशोधकाने १९६० साली मांडली. ब्लॅकवेल यांनी १९६२ आणि १९६५ च्या निबंधांत तिचा पाया पक्का केला.

१९५४ साली त्याच बर्कलेने त्यांना बोलावले. १९६५ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे पहिले काळे सभासद झाले. २०१० साली ते वारले. २०२४ मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या नव्या संगणक चिपना त्यांचे नाव दिले.

कुणी म्हणेल, शेवटी गुणाचे चीज झालेच ना! आम्ही म्हणतो, बारा वर्षे उशिरा झाले. तो उशीर विसरू नका. आणि त्या बारा वर्षांत त्यांनी अभ्यास सोडला नाही, हेही विसरू नका. आपल्या वस्तीतल्या पोरापोरींना कुणी म्हणाले, की मोठे गणित तुमचे काम नव्हे, तर त्यांना हे नाव सांगा.

जयभीम!