चोवीस की पंचवीस?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



२९ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. आपल्या धायरीच्या शाळेतली त्या दिवशीची प्रश्नमंजूषा आठवते? शेवटची फेरी गुगली प्रश्नांची होती आणि आपल्या तुकडीच्या संघाचा कर्णधार मी होतो.

सरांनी विचारलं, "साल १९२०. मुंबईत रेल्वेच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले. महापालिकेच्या घड्याळात किती?" मी लगेच म्हणालो, "अकरा एकवीस!" १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई महापालिकेने आपली ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' पुढे कित्येक वर्षं सोडली नव्हती. आजोबांकडून ऐकलं होतं, म्हणून जमलं. टाळ्या पडल्या आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

पुढचा प्रश्न: "मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. आज बरोबर शंभर वर्षं झाली. जन्मानंतर २९ फेब्रुवारी किती वेळा आली, आजची धरून?"

शेजारी बसलेल्या मैत्रिणीने कागदावर '२४' लिहून माझ्यापुढे सरकवला. मी पाहिला, आणि तरी म्हणालो, "शंभर भागिले चार, पंचवीस!"

सरांनी फळ्यावर समजावलं. पृथ्वीचं वर्ष ३६५ दिवस सहा तासांहून सुमारे अकरा मिनिटांनी कमी आहे. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला, तर चारशे वर्षांत तीन दिवस जास्त होतात. म्हणून शतकाच्या वर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप वर्ष. २००० लीप असणार, पण १९०० नव्हतं. मोरारजींना पहिली २९ फेब्रुवारी मिळाली ती थेट आठव्या वर्षी, १९०४ मध्ये. उत्तर चोवीस. एका गुणाने ढाल गेली.

इथवर सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते हे, की वर्गात मी सांगितलं, "पंचवीस तिनेच सुचवलं होतं." पोरं तिला वर्षभर 'पंचवीस' म्हणून चिडवत राहिली. ती एका शब्दाने बोलली नाही. तो कागद मीच खिशात घालून घरी नेला होता.

आज ती समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. बाई, तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती आणि खोटंही माझंच. सगळ्यांसमोर माफी मागतो.

२१०० सालीही २९ फेब्रुवारी येणार नाही. नातवंडांना हा प्रश्न जरूर घाला. फक्त सांगा, उत्तर देण्याआधी शेजारच्याचा कागद नीट वाचा.