यंत्र आधी कुठं येणार?
(बोईसरमध्ये तरुणांपुढे केलेलं भाषण)



येत्या वर्षाचं भविष्य सांगा म्हणालात. मी काही पंचांगवाला नाही. पण तारापूरकडे बघितलं की पुढचं दिसतं.

1969 साली इथं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. वीज तारांवरून महाराष्ट्र-गुजरातेत गेली. पुढं तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. प्रगती आली, ती आधी कुणाच्या तरी उंबऱ्यावर पाय देऊनच.

आता माझं भाकीत ऐका. येत्या वर्षी कारखान्याच्या गेटावर तोंड ओळखणारा कॅमेरा येईल. पाच मिनिटं उशीर, की अर्ध्या दिवसाचा खाडा! हिशेब, पत्रं, आवक-जावक कॉम्प्युटर स्वतःच करील. घरातला पहिला पदवीधर, ज्याला आत्ता कुठं खुर्ची मिळाली, त्याचीच खुर्ची आधी हलेल.

पण गटारात यंत्र उतरणार नाही. यंत्रच नाही म्हणून? साफ खोटं. मॅनहोल उपसणारा बँडिकूट यंत्रमानव केरळात 2018 पासून आहे. माणूस उतरवायला बंदी करणारा कायदा 2013 चा आहे. तरी माणूसच उतरतो, कारण तो यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. तो कुठल्या वस्तीतून येतो, हे तुम्हाला मी काय सांगू?

यंत्राला जात नसते. ते विकत घेणाऱ्याला असते.

तेव्हा यंत्राला शिव्या घालत बसू नका. ते शिका. आणि नवं यंत्र आलं की गेटावर उभं राहून विचारा : आधी गटारात का नाही? माझं भाकीत खोटं पाडा. मला तेच पाहिजे.