नादारीनंतरही उरणारे कर्ज



तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते. ती धनकोची करुणा होती. ऋणकोला आपली खते बुडविण्याचा काही मार्ग कायदा देतो काय, हा प्रश्न औंढ्यासारख्या सोयाबीन-हळदीच्या तालुक्यात विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

कागदोपत्री मार्ग आहे. १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमानुसार कर्ज फेडण्यास असमर्थ झालेल्या मनुष्याने न्यायालयाकडे अर्ज करावा, मालमत्ता स्वाधीन करावी आणि अखेरीस मुक्ततेचा हुकूम मिळवावा. परंतु त्याच अधिनियमाचे ४४ वे कलम काही देणी या मुक्ततेबाहेर ठेवते: सरकारचे देणे, लबाडीने वा विश्वासघाताने अंगावर आलेले देणे, फसवून मुदत मिळविलेले देणे आणि पोटगी.

यांतील पोटगीबद्दल दुमत असू नये. नवऱ्याच्या दिवाळखोरीची किंमत टाकलेल्या बाईने आपल्या भाकरीतून का मोजावी? लबाडीचेही तेच. पण सरकारी देण्याला हे सोवळे कशासाठी? १९२० साली सरकार परके होते, तेव्हा त्याचा अर्थ उघड होता. आज मात्र कंपनीच्या बाबतीत न्याय निराळा आहे. पुनर्रचनेची योजना मंजूर झाली की तिच्यात समाविष्ट नसलेली सरकारी देणीसुद्धा संपुष्टात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात सांगितले. कारखान्याला जे मिळते ते कुणब्याला मिळत नाही.

याहून जाचक तरतूद त्याच कलमाच्या शेवटी आहे. ऋणको मुक्त झाला तरी जामीनदार मुक्त होत नाही. गावात जामीनदार कोण असतो? मेहुणा, चुलतभाऊ, नाहीतर ज्याचा सातबारा कोरा आहे असा शेजारी. नादारीने मनुष्य सुटावा आणि मेहुण्याच्या दारी वसुली यावी, ही मुक्तता कोणाला पेलवेल? न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी भला मनुष्य दहादा थबकतो तो यामुळे.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने नवा आरंभ देऊ केला. त्याच्या अटी पाहाव्यात. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत, आणि स्वतःचे राहते घर नसावे, मग ते गहाण असो वा नसो. गळके का होईना, छप्पर असलेला शेतकरी येथेच बाद होतो. वगळलेल्या देण्यांत दंड, नुकसानभरपाई व पोटगी यांच्या पंक्तीला शैक्षणिक कर्ज बसविले आहे. पोराला अभियंता करावे म्हणून बापाने सही करावी, पोराला नोकरी लागू नये, आणि कायद्याने हे कर्ज न्यायालयीन दंडाच्या रांगेत उभे करावे! अर्थात ही चर्चाही तूर्त कागदावरचीच. व्यक्तींविषयीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना लागू झाला आहे. बाकीच्यांच्या नशिबी जुनाच कायदा.

महाराष्ट्राने १९७५ साली कर्जमुक्तीचा कायदा करून छोटे शेतकरी, शेतमजूर व कारागीर यांच्यावरील सावकारी कर्ज रद्द केले, पण सरकार, बँका आणि सहकारी संस्था यांचे देणे शाबूत ठेवले. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत उलटे झाले. बँकांचे व सोसायट्यांचे माफ झाले, सावकाराचे राहिले. दोघांचेही देणे असणाऱ्याची, आणि कोरडवाहू शेतकऱ्याकडे बहुधा दोघांचेही असते, सर्व देण्यांची एकत्र मोजदाद कोणीच केली नाही. नादारीचा कायदा खरे तर त्याच कामासाठी असतो.

शैक्षणिक कर्ज त्या यादीतून काढावे, घराची अट जावी, उत्पन्नाची व कर्जाची मर्यादा वाढवावी, जामीनदाराच्या राहत्या घराला आणि औतफाट्याला संरक्षण मिळावे, एवढ्या मागण्या आज करता येतील. नादारी हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला मोकळे होता येणार नाही. १९७५ चा कायदा मुंबईनेच केला होता, आणि सावकारांनी त्याला आव्हान दिले तेव्हा १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.