दृष्टि कीं श्रवण?



दृष्टि व श्रवण यांपैकीं एक गमवावेंच लागलें तर काय द्याल, असें विचारिल्यास बहुतेक जण तात्काळ म्हणतील, "कान जावोत, डोळे राहोत." आंधळ्याचा हात धरून त्यास देवळांत आणणारे आपणांत पुष्कळ आहेत, बहिऱ्या आजीच्या कानाशीं वांकून तेंच वाक्य तिसऱ्यांदा सांगणारे थोडे. तिच्या भलत्याच उत्तरास आपण हंसतों!

हेलन केलर या अमेरिकन विदुषींस दोन्ही दुःखें ठाऊक होतीं. १८८२ सालीं, त्या एकोणीस महिन्यांच्या असतां, एका आजारानें त्यांची दृष्टि व श्रवण हीं दोन्ही नेलीं. पुढें त्यांनीं बहिरेपण हीच अधिक मोठी आपत्ति ठरविली; कारण त्यायोगें मनुष्याचा आवाज, व त्याबरोबर मनामनांची देवघेव, तुटते.

बीथोव्हेन या जर्मन संगीतकारानें बहिरेपणींहि नववी सिंफनी रचिली, हें आपण कौतुकानें सांगतों. परंतु १८०२ सालीं भावांस लिहिलेल्या पत्रांत तो प्रथम सांगतो तें दुःख माणसांपासून तुटल्याचें. ऐकूं येत नाहीं, जरा मोठ्यानें बोला, एवढें म्हणावयासहि त्याची जीभ रेटत नसे. तें पत्र त्यानें पाठविलेंच नाहीं. १८२७ सालीं, त्याच्या मरणानंतर, तें कागदपत्रांत सांपडलें.